खोडद : भर पावसातही चालणारी वेधशाळा

महाड-पोलादपूरकडच्या माणसाला ताऱ्यांची कितीही हौस असली तरी आभाळ साथ देत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जूनपासून चार महिने सूर्यच धड दिसत नाही, तिथे तारे कुठले! उरलेल्या दिवसांत एमआयडीसीचे आणि महामार्गाचे दिवे आहेतच. पण वरंध घाट चढून भोर-पुणेमार्गे नारायणगाव गाठलं, की तिथून पंधराएक किलोमीटरवर खोडदला एक वेधशाळा लागते. तिला ढगांचं सोयरसुतक नाही, दिवस-रात्रीचंही नाही.

नारायणगाव ओळखलं जातं टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या फडांसाठी. त्याच शिवारात 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. 14 मधोमध एकवटलेल्या, बाकीच्या 16 तीन दिशांना पांगलेल्या. सगळ्यांनी टिपलेले संकेत जुळवले, की पंचवीस किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीइतका बारकावा हाती येतो. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. 2002 पासून ती जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे.

तबकडीखालून वर पाहावं तर आरपार आभाळ दिसतं. पत्रा नाहीच, स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी, पोलादी दोरांवर ताणलेली. भोकं एक-दोन सेंटिमीटरची. हायड्रोजनकडून येणारी रेडिओलहर 21 सेंटिमीटर लांब, त्यामुळे तिच्या लेखी ही जाळी म्हणजे सलग भिंतच. वारा मात्र निघून जातो. म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्चही आटोक्यात राहिला. मला तरी इथलं खरं कौतुक या जाळीचं वाटतं.

हिला अंधार नको, शांतता हवी. मोबाइल, विजेच्या तारांवरची ठिणगी, हे तिचे वैरी. शहरांचा गोंगाट डोंगरांआड राहतो, हेही खोडद निवडण्याचं एक कारण.

पुणे जिल्ह्यातच गिरवलीला आयुका या खगोलसंशोधन संस्थेची दोन मीटरची दुर्बीण 2006 पासून आहे. ती साध्या प्रकाशाची, त्यामुळे पावसाळ्यात तिची गत आपल्यासारखीच. क्ष-किरण तर हवेतून खाली पोचतच नाहीत. त्यांच्यासाठी 28 सप्टेंबर 2015 रोजी अ‍ॅस्ट्रोसॅट हा उपग्रह साडेसहाशे किलोमीटर उंचीवर गेला. त्याच्यावरच्या अतिनील दुर्बिणीतून आयुकाच्या चमूने 9.3 अब्ज प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचे किरण पकडले. ते 2020 मध्ये जाहीर झालं. हिंगोलीत औंढा नागनाथजवळची नियोजित लायगो वेधशाळा तर प्रकाश पाहणारच नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून ती गुरुत्वीय लहरींचा कंप मोजेल.

खोडद पाहायचं तर विज्ञान दिनाच्या, 28 फेब्रुवारीच्या सुमारास जावं; तेव्हा शाळांच्या प्रकल्पांचं प्रदर्शन भरतं. एरवी आधी परवानगी काढावी. पावसाळ्यात वरंध बऱ्याचदा बंद असतो, तेव्हा माणगावहून ताम्हिणी धरावी. आणि आवारात मोबाइल बंद ठेवावा.