डार्मश्टाटची लॅटिन शाळा

लुडविग-गेओर्ग्स-गिम्नाझियम ही जर्मनीतल्या डार्मश्टाट शहराची सर्वांत जुनी माध्यमिक शाळा. शिवजन्माच्या आदल्या वर्षी, १६२९ साली ती सुरू झाली. आज ती ज्या इमारतीत भरते ती मात्र १९५० च्या दशकातली आहे आणि शाळा पाहायला येणाऱ्यांत शिक्षकांपेक्षा वास्तुशास्त्राचे विद्यार्थी अधिक असावेत, अशी तिची ख्याती आहे. तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा असलेली संस्था एका रात्रीत बेघर झाली आणि दहा-अकरा वर्षांनी जुन्या वास्तूची नक्कल न करता, अगदी वेगळ्या कल्पनेच्या इमारतीत नांदू लागली. शाळेचा कायापालट म्हणायचा तो हाच. अभ्यासक्रमातले लॅटिन आणि ग्रीक तेवढे कायम राहिले.

फ्रांकफुर्टच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर वसलेले डार्मश्टाट एकेकाळी हेसेन-डार्मश्टाट या छोट्या संस्थानाची राजधानी होते. १६०७ मध्ये इथल्या लुडविग पाचवा या शासकाने गीसेन येथे विद्यापीठ स्थापले. विद्यापीठ झाले, पण तिथे जाण्याइतकी लॅटिन येणारी मुले तयार करणारी शाळा राजधानीत हवी होती. ल्यूथरपंथी चर्चला धर्मोपदेशक आणि दरबाराला कारकून-अधिकारी पुरवायचे तर त्याला दुसरा मार्ग नव्हता. लुडविग १६२६ मध्ये वारला. त्याचा मुलगा गेओर्ग दुसरा याने शाळेचा संकल्प तडीस नेला, म्हणून शाळेच्या नावात बापलेक दोघेही आहेत. सुरुवातीला मात्र तिला नुसते ‘पेडागोग’ म्हणत. मध्य युरोपातले तीस वर्षांचे युद्ध तेव्हा ऐन भरात होते. खजिना लढायांवर रिकामा होत असताना शाळेसाठी नवी वास्तू बांधणे हा त्या राजाचा शहाणपणा म्हणावा की हौस, हे ज्याने त्याने ठरवावे. शहराच्या पूर्व कडेला उभी राहिलेली, बाजूला जिन्याचा मनोरा आणि खाली कमानी तळघर असलेली ती इमारत पुढे ‘जुने पेडागोग’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

या शाळेची कीर्ती तिच्या विद्यार्थ्यांमुळे झाली. गंमत अशी की त्यांतल्या बऱ्याच जणांनी नाव कमावले ते शाळेने शिकवले नाही अशा विषयांत.

पहिला मोठा विद्यार्थी म्हणजे गेओर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग. जवळच्या ओबर-रामश्टाट गावी १७४२ मध्ये जन्मलेला, धर्मोपदेशकाच्या सतरा अपत्यांतला हा धाकटा. लहानपणापासून पाठीला बाक होता. १७५२ पासून नऊ वर्षे तो पेडागोगमध्ये शिकला आणि पुढे ग्योटिंगेनला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. विद्युत्भारित पृष्ठभागावर भुकटी टाकली की झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते, हे त्याने १७७७ च्या सुमारास पाहिले. त्या आकृत्यांना आजही त्याचे नाव आहे, आणि झेरॉक्स यंत्राच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. त्या यंत्रात घातला जाणारा कागदही त्याच्या नजरेतून सुटला नव्हता. अर्धी घडी घातली तरी लांबी-रुंदीचे प्रमाण बदलत नाही असा कागद कसा असावा, याचे गणित त्याने १७८६ मधल्या एका पत्रात मांडले. आपल्या प्रत्येक कचेरीत वापरला जाणारा ए-फोर कागद त्याच प्रमाणाचा असतो. लिख्टेनबर्गच्या जवळपास त्याच वयाचा योहान हाइनरिख मेर्क, औषधविक्रेत्याचा मुलगा, हाही इथलाच. पुढे तो समीक्षक आणि तरुण कवी गटेचा स्नेही म्हणून ओळखला गेला. डार्मश्टाटमध्ये १६६८ पासून औषधाचे दुकान चालवणारे मेर्क घराणे ते हेच. आजची जगभर पसरलेली मर्क कंपनी याच घराण्यातून वाढली.

युस्टुस लीबिगची कथा शाळेला फारशी भूषणावह नाही. १८०३ मध्ये शहरातच जन्मलेल्या या मुलाचे वडील रंग आणि रसायने विकत. घरच्या मालावर आणि दरबारी ग्रंथालयातल्या पुस्तकांवर त्याचा खरा अभ्यास चाले. वर्गात पाठांतर जमत नसे. लीबिगने म्हातारपणी सांगितलेली आठवण अशी : वर्ग तपासायला आलेल्या वृद्ध गुरुजींनी त्याला चांगलेच फैलावर घेतले, तू शिक्षकांना ताप आणि आईबापांना घोर आहेस म्हणाले आणि पुढे होणार तरी कोण, असे विचारले. मुलगा म्हणाला, रसायनशास्त्रज्ञ. त्यावर सारा वर्ग हसला, गुरुजीही हसले. रसायनशास्त्र हा शिकण्याचा विषय असू शकतो हेच तेव्हा कोणाच्या गावी नव्हते. चौदाव्या वर्षी लीबिगने शाळा सोडली, हेपेनहाइमला औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केली आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी तो गीसेनला प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत उभे राहून रसायनशास्त्र शिकायचे ही पद्धत त्याने तिथे रुजवली. पिकांना खनिज खतांची गरज असते, हा त्याचा सिद्धान्त आपल्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचला आहे. गीसेनलाच वास्तुशास्त्र शिकायला गेलेला ऑगुस्ट केकुले लीबिगची व्याख्याने ऐकून रसायनाकडे वळला. तोही डार्मश्टाटचा आणि याच शाळेतून १८४७ मध्ये शालान्त परीक्षा दिलेला. बारावीच्या रसायनशास्त्रात बेन्झिनचे षटकोनी वलय येते ते केकुलेने १८६५ मध्ये मांडले. एकाच शाळेतून आलेल्या या दोघांनी सेंद्रिय रसायनशास्त्राला आकार दिला, पण श्रेय शाळेला देताना हात आखडतो. तिने एकाला हसून घालवले आणि दुसऱ्याला ग्रीक शिकवले.

गेओर्ग ब्यूख्नर १८२५ ते १८३१ या काळात इथे होता. त्याच्या काही शालेय वह्या टिकून आहेत आणि त्यांच्या समासात कंटाळलेल्या हुशार मुलाने शिक्षकांच्या पांडित्यावर खरडलेले टोमणे आहेत. सप्टेंबर १८३० मध्ये शाळेच्या समारंभात सोळा वर्षांच्या ब्यूख्नरने भाषण केले. विषय होता सीझरपुढे मान न तुकवता स्वतःचा जीव देणारा रोमन केटो, आणि भाषण केटोच्या समर्थनाचे होते. दोनच महिन्यांपूर्वी पॅरिसमध्ये क्रांती होऊन राजा पळाला होता. प्राचीन रोमच्या आडून मुलगा काय बोलतो आहे हे श्रोत्यांतल्या चाणाक्षांना कळले असणार. लॅटिनच्या तासांचा असाही उपयोग होतो. चार वर्षांनी त्याने हेसेनच्या शेतकऱ्यांना जुलमी करांविरुद्ध उठवणारे पत्रक गुप्तपणे काढले, १८३५ मध्ये त्याला देश सोडावा लागला आणि १८३७ मध्ये झुरिकला विषमज्वराने तो गेला. वय अवघे तेवीस. तेवढ्यात ‘दांतोन्स टोट’ आणि अपुरे राहिलेले ‘वॉयत्सेक’ ही नाटके लिहून झाली होती. जर्मन साहित्यातला सर्वांत मानाचा पुरस्कार त्याच्या नावाचा आहे आणि तो डार्मश्टाटमध्येच दिला जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरात यंत्रे आणि रसायने यांचे शिक्षण देणाऱ्या संस्था वाढल्या. १८३६ च्या उद्योगशाळेतून १८७७ मध्ये तांत्रिक महाविद्यालय झाले, आजचे तांत्रिक विद्यापीठ ते हेच. जुनी शाळा मात्र आपल्या अभिजात भाषांना धरून राहिली. १८८० च्या दशकात कवी श्टेफान गेओर्गे इथे शिकत होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, पहिल्या महायुद्धाच्या काळात, इथल्या काही मुलांनी मिळून ‘डाखश्टुबं’ नावाचे साहित्यिक पत्र चालवले. त्यांत कार्लो मीरेनडोर्फ आणि थेओडोर हाउबाख हे दोन मित्र होते. दोघेही पुढे समाजवादी राजकारणात गेले. हिटलर सत्तेवर आल्यावर मीरेनडोर्फने अनेक वर्षे छळछावण्यांत काढली. नंतर दोघेही क्राइसाउ मंडळ या विरोधी गटात सामील झाले. मीरेनडोर्फ १९४३ मध्ये लाइपझिगवरच्या हवाई हल्ल्यात मारला गेला, हाउबाखला जानेवारी १९४५ मध्ये बर्लिनच्या प्ल्योट्सेनझे तुरुंगात फाशी झाली. शाळेचे सारे माजी विद्यार्थी असे नव्हते, हे सांगायला नको. नोव्हेंबर १९३८ च्या फर्मानाने उरल्यासुरल्या ज्यू मुलांना सगळ्या जर्मन शाळांतून काढले गेले आणि देशभर वर्ग मुकाट्याने पुढे चालू राहिले.

११ सप्टेंबर १९४४ च्या रात्री ब्रिटिश विमानदळाने डार्मश्टाट जाळले. शहराची वस्ती तेव्हा एक लाखाच्या वर होती. सुमारे साडेअकरा हजार माणसे मेली, साठ हजारांहून अधिक बेघर झाली आणि जुने शहर जवळपास नाहीसे झाले. तीनशे वर्षांचे पेडागोगही त्यात जळून भग्न झाले. शाळेला छप्पर उरले नाही. युद्धानंतर जर्मन शहरांत सगळीकडे होते तेच इथे झाले. उभ्या राहिलेल्या थोड्या इमारतींत अनेक शाळांची मुले पाळीपाळीने बसू लागली.

नव्या इमारतीचा विचार एका परिसंवादातून पुढे आला. १९०१ मध्ये डार्मश्टाटच्या माटिल्डेनह्योहे टेकडीवर कलावंतांच्या वसाहतीचे प्रदर्शन भरले होते. त्याला पन्नास वर्षे झाली म्हणून ऑगस्ट १९५१ मध्ये शहराने ‘माणूस आणि अवकाश’ या विषयावर वास्तुतज्ज्ञ आणि विचारवंत बोलावले. तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरने तिथे दिलेले व्याख्यान आजही वास्तुशास्त्राच्या वर्गांत वाचले जाते. घरांचा तुटवडा हे खरे संकट नाही, माणसाला राहणे म्हणजे काय हेच अजून शिकायचे आहे, असा त्याचा रोख होता. तळघरांत दिवस काढणाऱ्या शहरात हे बोलणे धाडसाचेच. शहराने मात्र नुसत्या चर्चेवर भागवले नाही. नामवंत वास्तुविशारदांकडून शाळा, रुग्णालय, वसतिगृह अशा सार्वजनिक इमारतींचे आराखडे मागवून त्याच प्रदर्शनात मांडले. या ‘उस्तादी इमारतीं’पैकी पाचच बांधल्या गेल्या. हान्स शारूनची प्राथमिक शाळा, जी अनेकांच्या मते त्या साऱ्यांत सर्वांत कल्पक होती, कागदावरच राहिली. गिम्नाझियमचे काम माक्स टाउटकडे आले.

टाउटचा जन्म १८८४ चा, क्योनिग्सबेर्गचा. प्रसिद्ध वास्तुविशारद ब्रूनो टाउट हा त्याचा थोरला भाऊ. माक्स सुतारकाम शिकून या धंद्यात आला आणि इमारतीचा सांगाडा लपवायचा नाही, हा त्याचा बाणा होता. १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये त्याने कामगार संघटनांच्या इमारती आणि शाळा बांधल्या, नाझी राजवटीत त्याची कामे थांबली. सत्तरीकडे झुकलेल्या या माणसाला डार्मश्टाटने पुन्हा शाळा बांधायला दिली.

जुन्या जर्मन शाळा म्हणजे तीन-चार मजली दगडी वाडे, लांबच लांब बोळ आणि त्याच्या एका बाजूला ओळीने वर्ग. लोक त्यांना शाळेच्या बराकी म्हणत. टाउटने ती रचनाच मोडली. वर्गांच्या बुटक्या इमारती सुट्या सुट्या केल्या, त्यांच्यामध्ये झाडांची अंगणे ठेवली. वर्गात उजेड दोन्ही बाजूंनी येतो, त्यामुळे खिडकीपासून लांबच्या बाकावरच्या मुलाची वहीही अंधारात राहत नाही आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की वारा आरपार वाहतो. काँक्रीटचे खांब-तुळया बाहेरून दिसतात, त्यांवर गिलाव्याची सजावट नाही. राजाची, चर्चची किंवा लष्कराची आठवण करून देईल असे प्रवेशद्वार नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे सगळे साधे वाटेल, कारण अंगणाभोवतीची बसकी शाळा आपण पाहिलेली असते. जर्मनीला तिथवर येण्यासाठी एक शहर जळावे लागले. १९५५ मध्ये काम पूर्ण झाले. त्याच उपक्रमातली हान्स श्विपेर्टची शाळा काही वर्षांनी उभी राहिली आणि तिला ब्यूख्नरचे नाव मिळाले. शहरात लिख्टेनबर्गच्या आणि लीबिगच्या नावाच्याही शाळा आहेत. ज्यांना हसले गेले, ज्यांनी समासात टोमणे खरडले, त्यांची नावे आता शेजारच्या शाळांच्या पाट्यांवर आहेत.

हेसेन राज्यात मुले साधारणपणे चौथीनंतर माध्यमिक शाळेत जातात आणि गिम्नाझियमच्या शेवटी आबिटुर ही विद्यापीठाची दारे उघडणारी परीक्षा देतात. लुडविग-गेओर्ग्समध्ये लॅटिन आणि प्राचीन ग्रीक आजही शिकवतात. एकेकाळी फक्त मुलग्यांची असलेली शाळा आता मुला-मुलींची आहे. भोवतालचे शहर मात्र साफ बदलले. युरोपीय अवकाश संस्थेचे उपग्रह नियंत्रण केंद्र १९६७ पासून इथे आहे. जड अणुकेंद्रांच्या संशोधन केंद्रात १९९४ मध्ये ११० वे मूलद्रव्य तयार झाले आणि त्याला शहरावरून डार्मश्टाटियम नाव पडले. त्याच आवारात उभ्या राहत असलेल्या ‘फेअर’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत भागीदार आहे आणि कोलकात्याची बोस इन्स्टिट्यूट भारताच्या वतीने काम पाहते.

टाउटची इमारत संरक्षित वास्तू आहे. पन्नाशीच्या दशकातल्या पातळ भिंती आणि मोठ्या खिडक्या आजच्या उष्णतारोधाच्या नियमांत बसवणे ही अशा इमारतींपुढची नेहमीची डोकेदुखी असते. बाहेरून जाडजूड आवरण चढवले की सांगाडा झाकला जातो, म्हणजे टाउटने जे दाखवले तेच लपते. शाळा चालू असल्याने आत वाटेल तेव्हा जाता येत नाही, पण कापेलप्लाट्झ या चौकाजवळून तिचा रस्त्याकडचा भाग नीट दिसतो. लुइझेनप्लाट्झ या मुख्य चौकातून तिथे चालत जाता येते. जुने पेडागोग तिथून फार लांब नाही. ते कित्येक वर्षे भग्नावस्थेत होते, १९८० च्या दशकात ते पुन्हा बांधून काढले. तळघरात आता छोटे नाट्यगृह आहे आणि प्रयोगाचे तिकीट काढले की कमानींखाली बसता येते.