दोन थेंबांमागचे हात

रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. टेबलावर बर्फ घातलेली लसीची पेटी असते. आया लहान मुलांना कडेवर घेऊन येतात. मुलाच्या तोंडात पोलिओच्या लसीचे दोन थेंब पडतात आणि डाव्या हाताच्या करंगळीवर शाईची खूण केली जाते. तेथे आरोग्य खात्याच्या ताई असतात, अंगणवाडीच्या सेविका असतात आणि पुष्कळदा छातीवर दातेरी चाकाचा बिल्ला लावलेले एकदोन लोकही असतात. ते चाक म्हणजे रोटरी क्लबचे चिन्ह. हे लोक दुकानदार, वकील, शिक्षक असे कोणीही असू शकतात. या कामाचा त्यांना पगार मिळत नाही.

मग कामाला लागणारा पैसा कोठून येतो? आपल्या देशात पोलिओच्या मोहिमेचा बराचसा खर्च सरकारने केला. पण सगळ्याच देशांच्या तिजोरीत एवढा पैसा नसतो. तेथे उपयोगी पडते ते अनुदान. अनुदान म्हणजे एखाद्या ठरावीक कामासाठी दिलेली आणि परत न मागितली जाणारी रक्कम. उर्दूत तुम्ही तिला इमदाद म्हणता. देणगी आणि अनुदान यांत थोडा फरक आहे. देणगी देणारा बहुधा पैसे देऊन मोकळा होतो. अनुदान देणारा मात्र काम पुरे होईपर्यंत हिशेब विचारत राहतो.

रोटरीची सुरुवात १९०५ साली अमेरिकेतील शिकागो शहरात झाली. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन परिचितांना बरोबर घेऊन पहिली सभा भरवली. सभा आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत भरत असे, म्हणून 'फिरणारी' या अर्थाने रोटरी हे नाव पडले. पुढे १९१७ मध्ये संस्थेचे त्या वेळचे अध्यक्ष आर्च क्लंफ यांनी एक सूचना मांडली. वर्गणी गोळा करायची आणि लगेच खर्चून टाकायची, एवढ्यावर आपण थांबू नये; एक कायमचा निधी उभारावा आणि त्यातून जगात चांगली कामे करावीत, असे त्यांचे म्हणणे होते. पण निधी फार हळूहळू वाढला. कॅन्सस सिटी येथील क्लबने दिलेले साडेसव्वीस डॉलर ही त्यातली पहिली रक्कम. १९२८ पर्यंत निधी कसाबसा पाच हजार डॉलरांच्या वर गेला. त्याच वर्षी त्याला 'रोटरी फाउंडेशन' हे नाव मिळाले. १९३० साली या फाउंडेशनने पहिले अनुदान दिले. अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला पाचशे डॉलर मिळाले. सूचना मांडल्यापासून तेरा वर्षे आणि हाती आले पाचशे डॉलर! तुम्हांला हसू येईल. मला मात्र त्या तेरा वर्षांत निधीला हात न लावणाऱ्या माणसांचे कौतुक वाटते. १९४७ मध्ये पॉल हॅरिस वारले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ देशोदेशींच्या सभासदांनी देणग्या पाठवल्या आणि निधीला खरा जोर आला.

आता हा पैसा गावापर्यंत कसा पोहोचतो ते पाहू. समजा, केनियातील एका गावच्या दवाखान्यात नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रे नाहीत. तेथील क्लबच्या सभासदांनी आधी डॉक्टर, परिचारिका आणि गावातील बायका यांच्याशी बोलून खरी गरज काय आहे, हे शोधले पाहिजे. यंत्रे आली पण वीजच नसली, तर काय उपयोग? गरज नक्की झाली की दुसऱ्या देशातील एखादा क्लब जोडीदार म्हणून शोधावा लागतो. मग दोन्ही क्लब मिळून फाउंडेशनकडे अर्ज करतात. दोन्हीकडचे क्लब थोडे पैसे घालतात, त्यांचे प्रांत आपल्या वाट्याच्या निधीतून काही रक्कम देतात आणि प्रांतांनी दिलेल्या रकमेला जोड म्हणून फाउंडेशन जागतिक निधीतून आणखी भर घालते. (रोटरीत अनेक क्लबांच्या गटाला प्रांत म्हणतात. राज्याशी त्याचा संबंध नाही.) अशा मोठ्या अनुदानासाठी काम निदान तीस हजार डॉलरचे असावे लागते. म्हणजे एका लहान क्लबला जे स्वप्नातही जमले नसते, ते चार ठिकाणांहून पैसा आल्यामुळे जमते.

अर्ज, मंजूर, रक्कम, हिशेब हे शब्द तुम्हांला परके नाहीत. उर्दूतही ते आहेत. अनुदानाच्या कामात त्यांचा फार कडक अर्थ होतो. पैशासाठी बँकेत वेगळे खाते लागते. त्यावर दोघांच्या सह्या लागतात. पावत्या निदान पाच वर्षे जपून ठेवाव्या लागतात. दर वर्षी अहवाल पाठवावा लागतो आणि काम संपल्यावर शेवटचा अहवाल दोन महिन्यांच्या आत द्यावा लागतो. पुरे होऊन गेलेल्या कामासाठी किंवा जमीन विकत घेण्यासाठी हा पैसा मिळत नाही. वर्गात हे सांगितले की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, चांगल्या कामाला एवढे कागद कशाला?" प्रश्न बरोबर आहे. पण शिकागोच्या शेजारच्या कचेरीत बसलेल्या माणसाला केनियाचा दवाखाना दिसत नाही. त्याला फक्त कागद दिसतो. कागद खोटा निघाला, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाला नाही म्हणावे लागते.

शिवाय वस्तू देऊन काम संपत नाही. आपल्याकडच्या हातपंपांचेच उदाहरण घ्या. पूर्वी खेड्यांत ओतीव लोखंडाचे पंप बसवले गेले. सारा गाव दिवसभर तो दांडा हलवी आणि काही महिन्यांत पंप बंद पडे. दुरुस्ती कोणाला येत नसे आणि सुटे भाग मिळत नसत. बायका पुन्हा घागर घेऊन जुन्या विहिरीवर जात. पुढे १९७० नंतरच्या दहा वर्षांत सोलापूर पंपाच्या अनुभवावरून 'इंडिया मार्क टू' हा मजबूत पंप तयार झाला. आज तो अनेक देशांत दिसतो. तरी वॉशर झिजतोच. म्हणून अनुदान मागणाऱ्या क्लबला आधीच विचारतात, आमचा पैसा संपल्यावर हा पंप कोण सांभाळणार? गावातील कोणाला दुरुस्ती शिकवणार? या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर अर्ज मंजूर होणे कठीण.

सर्वांत मोठे काम मात्र पोलिओचेच झाले. १९७९ साली फिलिपाइन्स देशातील सुमारे साठ लाख मुलांना लस पाजण्यासाठी सात लाख साठ हजार डॉलरचे अनुदान मंजूर झाले. मनिलाजवळ रोटरीचे अध्यक्ष जेम्स बोमर यांनी एका बाळाच्या तोंडात पहिले थेंब टाकले. तेथील यश पाहून १९८५ मध्ये साऱ्या जगासाठी मोहीम आखली गेली. बारा कोटी डॉलर जमवायचे ठरले होते. १९८८ पर्यंत जमले चोवीस कोटी सत्तर लाख! त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र रोटरीबरोबर या कामात उतरले. तेव्हा दर वर्षी साडेतीन लाख मुलांना पोलिओ होत असे.

पैसा आला, लस आली, पेट्या आल्या. पण भारतात २००९ साली ७४१ मुलांना पोलिओ झाला, म्हणजे त्या वर्षी जगात सर्वांत जास्त. यातली बहुतेक मुले उत्तर प्रदेश आणि बिहारमधील होती. बिहारमध्ये कोसी नदीच्या पुरात वेढलेल्या वस्त्यांवर पोहोचणे अवघड होते. पश्चिम उत्तर प्रदेशात, मुरादाबादच्या बाजूला, अडचण वेगळीच होती. तेथील काही मोहल्ल्यांत लोक दार उघडत नव्हते. या थेंबांमुळे मुलांना पुढे मूलबाळ होणार नाही, अशी अफवा पसरली होती. काही आया रागाने विचारत, "ताप आला, जुलाब झाले, तेव्हा कोणी येत नाही. मग हेच थेंब पाजायला पुन्हा पुन्हा का येता?" अफवा खोटी होती. रागाचा प्रश्न मात्र खरा होता, असे मला वाटते.

त्याचे उत्तर नुसत्या पैशाने देता येत नव्हते. तरी पैशाचा उपयोग झालाच. क्लबांनी त्या वस्त्यांत मोफत आरोग्य शिबिरे भरवली, इतर आजारांची औषधे दिली. रोटरीने उलेमांची एक समिती नेमली. मौलाना लोकांना भेटले, लस सुरक्षित आहे असे त्यांनी समजावले, मशिदींतून आवाहने झाली. युनिसेफने त्याच मोहल्ल्यांतील बायकांना कामाला घेतले. ओळखीची बाई दारात उभी राहिली की दार उघडू लागले. ज्या घरातील सर्व मुलांना डोस मिळाला, त्या घरावर खडूने इंग्रजी 'पी' लिहीत. मूल राहिले असेल, तर फुली मारत. फुलीच्या घरी पुन्हा जायचे, नाही म्हटले तरी पुन्हा जायचे, असा नियम होता.

२०१० मध्ये भारतातील रुग्ण ४२ वर आले. २०११ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला पोलिओ झाला. ती भारतातील या विषाणूची शेवटची रुग्ण. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला.

आता पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत या विषाणूची साखळी तुटायची राहिली आहे. रोटरीचे क्लब त्यासाठी दर वर्षी पाच कोटी डॉलर जमवायचे ठरवतात आणि त्यांच्या प्रत्येक डॉलरला गेट्स फाउंडेशन दोन डॉलरची जोड देते. तेथेही लसीची पेटी खांद्यावर घेऊन स्त्रिया आणि पुरुष दारोदार फिरतात. काही ठिकाणी त्यांच्याबरोबर पोलिसांचा पहारा असतो, कारण लस पाजताना आजवर कितीतरी जणांचे प्राण गेले आहेत. तरी पुढच्या फेरीला पेट्यांत पुन्हा बर्फ भरला जातो आणि राहिलेल्या मुलांच्या घरांची यादी सर्वांत आधी काढली जाते.