एका पाण्यापुरतं शेततळं

वर्धा जिल्ह्यात पाऊस तसा कमी नाही. वर्षाची सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास. अडचण आहे ती मधल्या खंडाची. ऑगस्टअखेर सोयाबीनच्या शेंगा भरत असताना पंधरा-वीस दिवस उघाड पडली, की काळ्या वावराला भेगा जातात आणि दाणा बारीक राहतो. अशा वेळी एकच संरक्षित ओलीत पीक तारून नेतं.

त्यासाठी धरणच हवं असं नाही. ३० मीटर लांब, तेवढंच रुंद आणि ३ मीटर खोल शेततळ्यात, बाजू उतरत्या धरल्या तरी, सुमारे २० लाख लिटर पाणी मावतं. एकरभर रानाला ५ सेंटिमीटर पाणी द्यायला २ लाख लिटर लागतात. हिशेबाने दहा एकर भिजतात. प्रत्यक्षात बाष्पीभवन आणि झिरपा वजा जाता बरेच कमी. अशा तळ्यांसाठीची राज्य शासनाची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ची. पण एवढं तळं जवळजवळ पाव एकर अडवतं, आणि दोन एकरवाल्याला ते जड जातं. त्याने लहान तळं खोदावं, नाहीतर खोल केलेल्या नाल्यावर शेजाऱ्याबरोबर सामाईक पंप बसवावा. पाणी उरलंच, तर हरभऱ्याचे घाटे भरताना तुषार संचाने द्यावं.