एक देश, दोन फुटबॉल लीग: आयएसएल जिंकली, आय-लीग हरली, पण पुण्याच्या हाती काय लागलं?

सोलापूर रॉयल्स नावाची क्रिकेट टीम होती, माहितीये ना? महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ ला नव्याने सुरू झाली तेव्हाच ती मैदानात उतरली. पण सोलापूरकरांनी आपल्या टीमला बघायला पार्क मैदानावर जाऊन काही उपयोग नव्हता. सहाच्या सहा टीमचे सगळे सामने पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियमवर ठेवले होते. टीमच्या नावात सोलापूर, पण टीम बघायची तर हुतात्मा एक्स्प्रेस पकडा किंवा मोबाईल उघडा.

यात कुणाची चूक नाही. हे खर्चाचं गणित आहे. एकच मैदान, एकच कॅमेऱ्यांचा ताफा, प्रवास नाही, हॉटेलं कमी. अमेरिकेत २०२२ ला यूएसएफएल नावाची लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिनेही हेच केलं होतं. आठ ठिकाणांच्या आठ टीम, आणि साखळीतले सगळे सामने बर्मिंगहॅम या एकाच शहरात.

तिथली गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढे आपल्याकडचं समजायला ती कामाला येते. अमेरिकन फुटबॉलची मुख्य लीग एनएफएल. ती सप्टेंबर ते फेब्रुवारी चालते. मग उरलेले वसंताचे महिने रिकामे, आणि ते भरायला दर काही वर्षांनी कुणीतरी पैसेवाला पुढे येतो. २०१९ ला एएएफ आली, पहिला सीझनही पूर्ण झाला नाही. २०२० ला एक्सएफएल आली, कोरोनाने अर्ध्यात थांबली, दिवाळं निघालं. मग अभिनेता ड्वेन जॉन्सन, म्हणजे आपला 'द रॉक', आणि त्याच्या भागीदारांनी ती दीड कोटी डॉलरला घेतली. यूएसएफएलच्या मागे फॉक्स हे चॅनल होतं. २०२३ ला या दोन्ही लीग एकाच वसंतात समोरासमोर आल्या आणि एका वर्षात दोघींना कळलं की हा बाजार एकीलाच जेमतेम पुरेल. दोघी एकत्र झाल्या आणि मार्च २०२४ पासून यूएफएल सुरू झाली, फक्त आठ टीमची.

म्हणजे दोन लीग भांडल्या आणि शेवटी एकमेकींत विरघळल्या.

भारतात असं भांडण झालं ते आपल्या फुटबॉलमध्ये. पायाने खेळतात त्या. इथे मात्र विरघळणं वगैरे झालं नाही. इथे एकीने दुसरीला हळूहळू खाली ढकललं, आणि या ढकलाढकलीत सगळ्यात जास्त मार बसला तो गोवा आणि पुण्याला.

आधी जुनी लीग. १९९६ ला नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली, २००७ ला तिचं नाव आय-लीग झालं. आय-लीगचे पहिले सहा सीझन कुणी जिंकले? २००७-०८ धेंपो, २००८-०९ चर्चिल ब्रदर्स, २००९-१० धेंपो, २०१०-११ साळगावकर, २०११-१२ धेंपो, २०१२-१३ चर्चिल ब्रदर्स. सहापैकी सहा, सगळे गोव्याचे. पुणे एफसी २०१२-१३ ला दुसऱ्या नंबरवर होता.

खेळ म्हणून ही लीग सरळ होती. प्रत्येकाशी घरी एक, बाहेर एक सामना. सगळ्यात जास्त गुण त्याचा कप. शेवटी राहिला तो खाली. पण टीव्हीवर बघितलं तर स्टँड रिकामे, दुपारच्या उन्हातले सामने आणि कॅमेरे मोजके. क्लब चालायचे ते मालकाच्या हौसेवर. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ला देशाचा कप जिंकला आणि २०१० ला कंपनीने क्लबच बंद केला. देशाचा विजेता राहिलेला क्लब असा बंद होतो, हेच त्या लीगच्या धंद्याचं प्रगतिपुस्तक म्हणायचं.

त्याच वर्षी, ९ डिसेंबर २०१० ला, फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी करार केला. १५ वर्षं, ७०० कोटी. म्हणजे सरासरी वर्षाला ४७ कोटींच्या आसपास. बदल्यात भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क, आणि नवी लीग काढायची मुभा.

ती नवी लीग म्हणजे आयएसएल. १२ ऑक्टोबर २०१४ ला कोलकात्यात सुरू झाली. आठ टीम, आणि मालकांच्या यादीत सचिन, सौरव, रणबीर कपूर, हृतिक रोशन. पुण्याकडून त्रेझेगे, गोव्याकडून पिरेस, गोव्याचा कोच थेट झिको. सगळे निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे किंवा उंबरठा ओलांडलेले, पण नावं मोठी. पहिल्याच सीझनला सरासरी २४ हजारांच्या वर प्रेक्षक आले. मैदानात एका वेळी सहा परदेशी खेळाडू चालायचे, आय-लीगमध्ये चार. वर-खाली जाणं नाही. फ्रँचायझी फी भरली की जागा पक्की.

आता तुम्ही म्हणाल, एकाच देशात दोन लीग चालल्या कशा? तर महिने वाटून घेतले. ऑक्टोबर ते डिसेंबर आयएसएल, जानेवारी ते मे आय-लीग. जुनी लीग चक्क वसंतातली लीग झाली. बरेचसे खेळाडू तेच. सुनील छेत्री हिवाळ्यात मुंबई सिटीचा, वसंतात बेंगळुरू एफसीचा.

मला विचाराल तर खेळ म्हणून या वाटणीत आय-लीग सरस होती. ३१ मे २०१५ ला शेवटच्या दिवशी बेंगळुरू आणि मोहन बागान समोरासमोर होते. बागानला बरोबरी पुरत होती, ते ०-१ ने मागे होते आणि ८७ व्या मिनिटाला बेलो रझाकने हेडर मारून कप नेला. असं नाट्य लिहून होत नाही. पण बघणारे किती होते? भारतात खेळाची लीग चालते ती ज्याच्याकडे चॅनल, जाहिरात आणि महासंघाचा शिक्का तिन्ही आहेत त्याची. क्रिकेटमध्ये हे आधीच दिसलं होतं. झी वाल्यांची इंडियन क्रिकेट लीग २००७ ला आयपीएलच्या आधी आली. पैसा होता, चॅनल होतं, पण बीसीसीआयचा शिक्का नव्हता. २००९ ला संपली. फुटबॉलमध्ये गंमत अशी की शिक्का देणारा महासंघ स्वतःचीच जुनी लीग सोडून नव्या लीगच्या बाजूला सरकत होता.

याचा परिणाम बालेवाडीत बघा. २०१५ च्या सुरुवातीला पुण्यात तीन व्यावसायिक क्लब होते. आय-लीगमधला पुणे एफसी, आय-लीगमध्येच नवा आलेला कल्याणी समूहाचा भारत एफसी, आणि आयएसएलमधला एफसी पुणे सिटी. तिन्हींचं घर बालेवाडीचं स्टेडियम. त्याच वर्षी भारत एफसी एका सीझनमध्ये संपला. पुणे एफसीनेही गाशा गुंडाळला, त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली. चला, एक तरी उरला म्हणायचं, तर २०१९ ला पुणे सिटीचे मालक आर्थिक अडचणीत आले, क्लब बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबाद आला. तोच हैदराबाद २०२५ ला दिल्लीला हलला. पुण्याची जागा पाच-सहा वर्षांत दोन शहरं फिरून आली. मुंबई एफसीही २०१७ ला तळाला गेला आणि संपला.

गोव्यात तर आणखी गुंतागुंत. एफसी गोवाच्या सुरुवातीच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर हे जुन्या क्लबांचेच मालक होते. म्हणजे दोन्ही डगरींवर पाय. २०१६ ला महासंघाने आराखडा मांडला की आयएसएल पहिल्या दर्जाची आणि आय-लीग दुसऱ्या. शिवाय खालून वर जायला वाट नाही. मग कितीही जिंका, राहणार खालीच. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही क्लबांनी आय-लीग सोडली. पहिल्या सहा कपांपैकी चार जिंकणारे दोन क्लब राष्ट्रीय लीगमधून गेले.

त्यांच्या जाण्याने जागा रिकामी झाली म्हणून आदल्या वर्षी खाली गेलेल्या मिझोरामच्या ऐझॉलला परत घेतलं. आणि ऐझॉलने २०१६-१७ चा कप जिंकला! छोट्या पैशात, डोंगरातल्या मैदानावर. आयएसएलमध्ये ही गोष्ट घडूच शकली नसती, कारण ऐझॉलला तिथे दारच नव्हतं.

२०१७ ला आशियाई महासंघाने आयएसएलला मान्यता दिली आणि दोन्ही लीग एकाच वेळी चालू लागल्या. २०१९ ला आयएसएल अधिकृतपणे एक नंबर झाली. २०२० ला मोहन बागान आणि ईस्ट बंगालही तिकडे गेले आणि विषय संपला. खरं सांगायचं तर आयएसएलने फायदा केलाच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. मैदानं सुधारली, पगार वेळेवर मिळू लागले, फिजिओ आणि कोचिंगचा दर्जा वाढला. मुंबई सिटीत मँचेस्टर सिटीच्या समूहाने २०१९ ला ६५ टक्के हिस्सा घेतला, आणि २०२२ ला मुंबईने इराकच्या क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात भारतीय क्लबचा पहिला विजय नोंदवला. आय-लीगच्या जुन्या व्यवस्थेत हे अवघड होतं.

पण धंदा? इथेच खरी मेख आहे. आयएसएल चालायची ती एका कंपनीच्या करारावर आणि क्लबमालकांच्या खिशावर. तिकीट, टीशर्ट, टीव्हीचे पैसे मिळूनही खर्च निघत नव्हता, हे क्लब उघडपणे सांगत होते. सोलापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अख्खी पेठ एका गिरणीवर उभी असली की गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर काय होतं, ते आपल्या आजोबांनी पाहिलंय.

८ डिसेंबर २०२५ ला तो १५ वर्षांचा करार संपणार होता. नवा झालाच नाही. जुलै २०२५ मध्ये लीग चालवणाऱ्या कंपनीने कळवलं की सीझन थांबवतोय. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडू आणि स्टाफचे पगार रोखले. महासंघाने नवं टेंडर काढलं, वर्षाला किमान साडेसदतीस कोटींची हमी मागितली. ७ नोव्हेंबरच्या मुदतीत एकही बोली आली नाही. एकही नाही. डिसेंबरमध्ये मँचेस्टरवालेही मुंबईतून बाहेर पडले. जानेवारीत छेत्री, गुरप्रीत, झिंगन यांनी व्हिडिओ काढून फिफाला साकडं घातलं.

मधल्या काळात हरलेल्या लीगचं काय चाललं होतं? २०२४-२५ चा आय-लीग कप महासंघाने चर्चिल ब्रदर्सला दिला, आणि जुलैत स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने तो काढून इंटर काशीला दिला. लीगचा विजेता मैदानाऐवजी वकिलांनी ठरवला. एक बरी बातमी म्हणजे त्याच सीझनला धेंपो खालच्या लीगमधून बढती मिळवून आय-लीगमध्ये परत आला होता.

या सगळ्यापासून लांब कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमीचा सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. तिथे ना फ्रँचायझी, ना हृतिक रोशन. फक्त पेठेची ईर्षा. पण तिथला पोरगा पुढे जाणार कुठे, हा प्रश्न आहेच. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला, नंतर आय-लीगमध्ये इंडियन अ‍ॅरोज या पोरांच्या टीमकडून खेळला आणि तिथून आयएसएलच्या जमशेदपूरमध्ये पोचला. म्हणजे खालची लीग ही वरच्या लीगची शिडी होती. इंडियन अ‍ॅरोज २०२२ ला बंद झाली.

६ जानेवारी २०२६ ला केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडवीय यांनी जाहीर केलं की १४ क्लबांसह आयएसएल १४ फेब्रुवारीपासून होईल. घरी-बाहेर दोनदा भिडायला वेळ नाही, म्हणून प्रत्येकाशी एकच सामना. एका क्लबला १३, सगळे मिळून ९१. २०१४ ला जे महिने आय-लीगला उरले म्हणून दिले होते, त्याच महिन्यांत आता आयएसएल. त्या १४ क्लबांत महाराष्ट्राचा एकच आहे, मुंबई सिटी. पुण्याचा एकही नाही.