कपाशीच्या वावरात वसलेलं म्हातारपण

१ जानेवारी १९६०. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या वायव्येला, कालपरवापर्यंत कापूस पिकत होता त्या रानात एका नव्या गावाचं उद्घाटन झालं. पाच नमुना घरं, थोडी दुकानं, एक मनोरंजन केंद्र आणि गोल्फचं मैदान, एवढंच तिथे होतं. पहिल्या तीन दिवसांत सुमारे लाखभर माणसं ते बघून गेली आणि दोनशेच्या वर घरं विकली गेली. घेणारे सगळे निवृत्त किंवा निवृत्तीला आलेले. या गावाचं नाव सन सिटी.

जमीन जे. जी. बॉसवेल या बड्या कापूस कंपनीची होती. तिथली जुनी वस्ती मॅरिनेट तोवर जवळपास ओस पडली होती. बांधणारा डेल वेब सुतारकाम करत वर आलेला कंत्राटदार, न्यूयॉर्क यांकीज या नामांकित बेसबॉल संघाचा भागीदार. म्हातारी माणसं मुला-नातवंडांपासून लांब, वाळवंटात येऊन राहणार नाहीत, असं जाणकार सांगत होते. वेबच्या माणसांनी तरी एक गोष्ट पक्की धरली: गिऱ्हाइकाला नकाशावरचं मैदान दाखवायचं नाही. आधी मैदान करायचं, केंद्र उभारायचं, मग घरं विकायची. आपल्याकडे ‘लवकरच येत आहे’ अशा फलकांवर आयुष्याची पुंजी लावणाऱ्यांना त्या निर्णयाचं मोल वेगळं सांगायला नको.

वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरसारख्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यात बसून गोल्फच्या गावावर लिहावंसं वाटलं, याचं कारण आपल्याच गल्ल्यांत आहे. पोरं पुण्याला, नागपूरला, हैदराबादला. मागे बांधलेलं घर, दोन म्हातारी माणसं आणि स्वयंपाकघर. ‘दोघांपुरतं काय करायचं’ म्हणत रोजचा स्वयंपाक खिचडीवर येतो. दोघांतलं एक गेलं की दुधात भाकर कुस्करून रात्र काढली जाते. घरात धान्य असतं, पेन्शन असते किंवा पोरगा पैसे पाठवतो. ताट वाढून ‘या, बसा’ म्हणणारं मात्र कोणी उरत नाही. सन सिटीसारख्या गावांनी नेमक्या याच दुखण्यावर हात ठेवला, असं मला वाटतं.

आधी गोल्फचं बघू. लांबून हा श्रीमंतांचा खेळ वाटतो, आणि पुष्कळ अंशी तो आहेच. पण त्याची रचना म्हाताऱ्या माणसासाठी घडवल्यासारखी आहे. चार जणांची टोळी असते. खेळ सुरू करायची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते आणि मागची टोळी काही मिनिटांच्या अंतराने उभीच असते. आज नको वाटतंय म्हणून घरी बसलात, तर तिघांचा खोळंबा होतो. अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे खड्डे, पुरे करायला चार तास लागतात आणि त्यात चेंडू मारण्याचा वेळ अगदी थोडा. बाकीचा वेळ चालण्यात, नाहीतर गोल्फच्या छोट्या गाडीतून जाण्यात आणि बोलण्यात जातो. तरुणाला आणि म्हाताऱ्याला, तरबेजाला आणि नवख्याला एकत्र खेळता यावं म्हणून हँडिकॅपची सोय आहे. कच्च्या खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणे काही फटक्यांची सूट मिळते, त्यामुळे दुबळ्यालाही खरी चुरस लाभते. त्यातला एक मान तर मला फार आवडतो. जितकं वय तितक्याच फटक्यांत किंवा त्याहून कमी फटक्यांत अठरा होल पुरे करणं ही गोल्फमधली मोठी कामगिरी. पूर्ण मैदानाचा ठरलेला हिशेब साधारण बहात्तर फटक्यांचा असतो, म्हणजे हा मान बहुतेकांच्या आवाक्यात सत्तरीनंतरच येतो. वय वाढलं की जिंकण्याची शक्यताही वाढावी, असा दुसरा खेळ मला माहीत नाही.

सन सिटीत हळूहळू आठ सार्वजनिक मैदानं झाली, सात मनोरंजन केंद्रं झाली, जोडीला खासगी कंट्री क्लब आले. आज तिथे चाळीस हजारांच्या आसपास वस्ती आहे. मैदानावरून थेट दुकानात आणि डॉक्टरकडे गोल्फच्या गाडीतूनच जाता येतं.

पण माझ्या मते अशा क्लबचा खरा जीव मैदानात नाही, त्याच्या जेवणघरात आहे. मैदानावर अठरा होल असतात, म्हणून क्लबमधल्या खाण्यापिण्याच्या जागेला गोल्फवाले एकोणिसावा होल म्हणतात. जे कधी काठी हातात धरत नाहीत तेही तिथे येतात: पत्ते खेळणाऱ्या बायका, गुडघे गेलेले जुने खेळाडू, नुकताच जोडीदार गमावलेलं कोणी. रविवारी उशिराची भरपेट न्याहारी, शुक्रवारी तळलेली मासळी, असे वार ठरलेले. संध्याकाळचं जेवण लवकर. चार-पाच वाजता येणाऱ्यांना थोडं स्वस्त. अमेरिकेत यावरून म्हाताऱ्यांची चेष्टा होते. आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही. शेजारच्या कारंज्यात जैन घरांमधून सूर्यास्ताआधी जेवण उरकलेलं असतं, आणि खेड्यातला जुना माणूस आजही दिवेलागणीला ताटावर बसतो. म्हातारं पोट आणि म्हातारी झोप दोघांनाही ती वेळ मानवते.

या जेवणघरांचा एक नियम मुद्दाम सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या अनेक कंट्री क्लबांत सभासदाने महिन्याला ठराविक रकमेचं खाल्लंच पाहिजे अशी अट असते. नाही खाल्लं तरी बिल येतंच. आपल्या खानावळीत न जेवल्याचा खाडा धरून तेवढे पैसे वजा करतात. तिथे खाडा पडला तर भुर्दंड. क्लबच्या हिशेबाने हे स्वयंपाकघर चालू ठेवण्याचं साधन आहे. पण त्याचा दुसरा परिणाम म्हणजे माणूस घराबाहेर पडतो. पैसे तर भरलेच आहेत, मग जाऊन तरी येऊ, म्हणून उठतो, कपडे बदलतो, टेबलाशी बसतो, आणि वाढणाऱ्याला त्याचं नाव आणि त्याचं पथ्य ठाऊक असतं. दोन दिवस दिसला नाही तर कोणीतरी विचारतं.

आता दुसरी बाजू. सन सिटीच्या घरात एक तरी माणूस पंचावन्न वर्षांचा हवा, आणि एकोणिसाच्या आतल्यांना तिथे कायमचं राहता येत नाही. नातवंडं पाहुणी म्हणून येतात आणि परत जातात. याची किंमत लवकरच दिसली. आसपासच्या शाळांच्या बांधकामासाठी कर्जरोखे काढायचे ठराव मताला आले की सन सिटीचे मतदार ते पुन्हा पुन्हा पाडत. शेवटी सत्तरच्या दशकात हे गाव त्या शाळाक्षेत्रातून वगळावं लागलं. ज्यांनी स्वतः सार्वजनिक शाळांत शिकून आयुष्य उभं केलं, त्यांनी पुढच्या पोरांच्या वर्गखोल्या नाकाराव्यात, हे मला मान्य होत नाही. पोरं रोज नजरेसमोर असती, तर त्या मतदारांनी तसं मत दिलं नसतं असं मला वाटतं. पाण्याचाही प्रश्न आहेच. वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात हिरवळ राखायची, तर पुष्कळ पाणी लागतं. वाशीम जिल्ह्यात याच्या कितीतरी पट पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. इथे गोल्फच्या मैदानाचा विचारही करू नये.

महाराष्ट्रात गोल्फ राहिला तो शहरांत आणि छावण्यांत. मुंबईचा विलिंग्डन क्लब पहिल्या महायुद्धाच्या काळात निघाला, तो गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव होता म्हणून. नाशिकचं गोल्फ क्लब मैदान आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाने ओळखलं जातं. तिथे आता क्रिकेटचे रणजी सामने होतात आणि सकाळी निवृत्त मंडळी फेऱ्या मारतात. पुण्यात परांजपे या बांधकाम व्यावसायिकांनी ‘अथश्री’ नावाची ज्येष्ठांची संकुलं उभारली. तिथे गोल्फ नाही, पण एकत्र जेवणाची सोय आहे. परदेशी गेलेल्यांनीही तेच केलं. फ्लोरिडात टावारेस गावी भारतीयांसाठी ‘शांतिनिकेतन’ नावाची निवृत्तांची वसाहत आहे. गोल्फवेड्या ‘द व्हिलेजेस’ या प्रचंड वसाहतीपासून ती फार लांब नाही. ‘शांतिनिकेतन’चं मुख्य आकर्षण आहे जेवणघर, जिथे रोज भारतीय पद्धतीचं गरम अन्न मिळतं. सगळीकडून गाळून शेवटी उरतं ते हेच.

मग मंगरूळपीरला काय करता येईल? बसायच्या जागा आपल्याकडे आहेत. बीरबलनाथ महाराजांचं संस्थान आहे, दादा हयात कलंदर यांचा दर्गा आहे, स्टँड आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, त्यामुळे खेड्यातला म्हातारा तालुक्याला येऊ शकतो. नाही ते दुपारचं ताट. अन्नदान होतं, पण यात्रेला, पुण्यतिथीला, उर्साला. रोज नाही.

यासाठी ॲरिझोनाकडे बघायचीही गरज नाही. तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन मुख्यमंत्री असताना १९८२ साली मुलांसाठी दुपारच्या जेवणाची मोठी योजना सुरू झाली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८३ पासून, वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनाही त्याच केंद्रांवर जेवण मिळू लागलं. वेगळी इमारत नाही, वेगळा आचारी नाही. चूल तीच, फक्त तांदूळ थोडा जास्त. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पोषण आहार रोज शिजतो. स्वयंपाक करणाऱ्या बाया गावातल्याच असतात, त्यांना कोणाचे दात पडलेत आणि कोणाला साखर आहे हे सांगावं लागत नाही. त्यात गावातल्या पंधरा-वीस एकट्या म्हाताऱ्यांची ताटं वाढवायची, तर ग्रामपंचायतीचा ठराव, थोडा शिधा आणि भांडी लागतील. हंगामात एकेक पोतं धान्य देणारे शेतकरी या तालुक्यात निघतील, याची मला खात्री आहे.