परसातलं हिरवंगार अळू

गेल्या वैशाखातली गोष्ट सांगते. म्हसळ्यात सगळीकडे गवत करपलेलं आणि आमच्या परसात, मोरीपासून चांगलं दहा पावलं लांब, अळू मात्र हिरवंगार. सासूबाई खूश. शेजारणींना पानं वाटत होत्या. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, वैशाखात पाणी न घालता अळू येतं कधी?" खणून पाहिलं तर हातभर खाली पाइपचा सांधा सुटलेला! टाकी लवकर का संपते म्हणून दोन महिने आम्ही एकमेकींवर उगाच धुसफुसत होतो.

आपल्या रायगडात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी शिमगा झाला की विहिरी तळाला जातात. जांभा दगडाला छिद्रं फार. पावसाचं पाणी त्यातून निघून जातं, तसंच गळकं पाणीही. म्हणून कातळावरच्या घरात ओल वर दिसेलच असं नाही.

थेंबानं काय होतंय, असं आपण म्हणतो. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, म्हणजे चार लिटरच्या वर. महिन्याला साधारण १३० लिटर, आठ-नऊ हंडे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर धरलेत. त्या हिशेबानं दोन माणसांचं दिवसभराचं पाणी गेलं की!

आपल्याकडे घरोघरी मीटर नाहीत, पण काठी आहे. रात्री सगळे नळ बंद करा, टाकीत येणारं पाणीही बंद करा. कोरडी काठी तळापर्यंत उभी बुडवून ओलीवर खूण करा. पहाटे कुणी नळ सोडायच्या आत पुन्हा बघा. टाकी एक मीटर लांब-रुंद असेल तर एक सेंटिमीटर उतार म्हणजे १० लिटर गेले. टाकी उघडी असेल तर शेजारी भरलेली बादली ठेवा. दोन्हींत सारखाच उतार दिसला तर ते पाणी वाऱ्या-उन्हानं गेलं, गळती नाही. पाणी खरंच गळत असेल तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा कॉकही बंद करा. आता उतरलं नाही, तर दोष पुढच्या पाइपात किंवा नळात. तरीही उतरलं, तर टाकीलाच चीर आहे.

संडासाला फ्लशची टाकी असेल तर तिच्यात कपड्यांची नीळ चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं उतरलं की समजा, आतला रबर गेलाय. भिंतीला लोणा लागलाय, ओल आहे, पण ती पाइपची की हवेतल्या दमटपणाची? प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून एक दिवस ठेवा. आतून थेंब जमले तर ओल भिंतीतली, बाहेरून जमले तर हवेतली.

जमिनीतल्या पाइपचं मात्र कान लावूनच कळतं. पाणी सुटलेलं असताना, रात्रीच्या शांततेत, लाकडी दांडक्याचं एक टोक पाइपवर आणि दुसरं कानाला लावा. नळ बंद असूनही सूं सूं ऐकू आलं तर जवळपास गळती आहे.

पाणी वाया जातं त्यापेक्षा मला दुसरी भीती जास्त वाटते. आपल्याकडे नळ चोवीस तास चालत नाही. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पहिल्या हंड्यात तेच येतं. जुलाब, कावीळ याच वाटेनं घरात शिरतात. म्हणून पाइप गटारातून गेला असेल तर आधी तो तपासा. पाणी गढूळ आलं तर उकळून घ्या, आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला कळवून नमुना तपासायला लावा. पाणी तपासणीच्या किटचं शिक्षण गावातल्या पाच बायकांना देण्याची सोय जल जीवन मिशनमध्ये आहे. आपल्या गावात त्या कोण, ते विचारून ठेवा.

नळ ठिबकत असेल तर बहुतेक वेळा वायसरच बदलायचा असतो. आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळणंही आपल्याला जमतं. फुटलेल्या पाइपवर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट आवळली तर प्लंबर येईपर्यंत निभावतं, पण तेवढंच. हे सगळं मृगाच्या आधी करा. एकदा पाऊस लागला की ओल कशाची, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

आमचा सांधा बसवला आणि आठ दिवसांत अळवानं मान टाकली. सासूबाई अजून मला बोलतात.