आठ आठवड्यांआधी पिल्लू सोडू नका!

माहीत आहे का, शेंद्रा एमआयडीसीतलं सगळ्यात पंक्चुअल प्रॉडक्शन कुठल्याच कंपनीच्या आत होत नाही? ते होतं गेटबाहेर! भाद्रपद लागला की जालना रोडवरच्या समस्त श्वानमंडळींना काय होतं, ते सांगायला नको. त्यात मिळवा ६३ दिवस, म्हणजे कुत्रीच्या गाभणपणाचा सरासरी काळ. उत्तर येतं कार्तिक-मार्गशीर्ष. दिवाळीचा बोनस उडतो न उडतो तोच सिमेंटच्या पाइपात, पॅलेटच्या ढिगाखाली, सिक्युरिटी केबिनच्या मागे ‘कूंऽ कूंऽ’ सुरू. दत्तजयंतीपर्यंत दत्तगुरूंच्या चौघांना टफ कॉम्पिटिशन!

केबिनच्या मागेच का बरं? त्यालाही सायन्स आहे. ‘आयसर कोलकाता’च्या संशोधकांनी भटक्या कुत्र्यांच्या १४८ बाळंतिणीच्या खोल्या धुंडाळल्या. २०१६ मध्ये निष्कर्ष आला: आई मुद्दाम माणसाजवळची जागा निवडते. वॉचमनच्या डब्यातली अर्धी पोळी हा लोकेशनचा प्लस पॉइंट, दुसरं काय!

आता जरा ब्रेक. त्याच संस्थेच्या संशोधकांनी ३६४ पिल्लांवर नजर ठेवली. सातव्या महिन्यापर्यंत पोचली फक्त १९ टक्के, आणि बहुतेक मृत्यूंमागे कुठे ना कुठे माणूसच होता. चटपटीत फीचरमध्ये हा आकडा घशात अडकतो, पण वगळला असता तर ती लबाडी झाली असती.

चला, पुढे! जन्मलेलं पिल्लू आंधळं असतं, बहिरं असतं आणि बिनदातांचं असतं. डोळे उघडायला दहा ते चौदा दिवस. कान त्यानंतर. दिवसाचा नव्वद टक्के वेळ झोप, उरलेला दूध. (नाइट शिफ्टवाल्यांनो, जळू नका.) झोपेत ते झटके देतं, पाय मारतं. घाबरू नका, स्नायूंचा व्यायाम चालू आहे. उलट निपचित पडलेलं पिल्लू दिसलं तर डॉक्टर गाठा.

माहीत आहे का, त्याला शी-शू सुद्धा स्वतःहून जमत नाही? पहिले दोन-तीन आठवडे आईनं चाटलं की मगच नळ सुरू. आई नसेल तर? कोमट पाण्यात भिजवलेला कापूस घ्या आणि प्रत्येक फीडनंतर हळूच पुसा. ग्लॅमरस काम नाही, पण हे चुकलं तर पिल्लाच्या जिवावर बेततं.

थंडीचंही तेच. नवजात पिल्लाला कुडकुडताच येत नाही! पहिल्या आठवड्यात भोवताली तीसेक अंश उबारा लागतो आणि डिसेंबरात शेंद्र्याच्या माळावर पहाटेचा पारा दहा-बाराशी खेळत असतो. म्हणून गोणपाट, जुनी गोधडी, वर बल्ब. फक्त बल्ब एकाच कोपऱ्यावर सोडा. गरम झालं तर पिल्लाला सरपटत बाजूला होता आलं पाहिजे.

‘वाटीभर गाईचं दूध पाजलं की झालं’ म्हणणाऱ्या काकूंना सांगा: कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात आणि स्निग्धांशही तसाच. गाईचं दूध तिच्या वासराला लखलाभ. पिल्लासाठी मेडिकलमध्ये वेगळी पावडर मिळते. आणि पहिल्या चोवीस तासांतला आईचा चीक म्हणजे फ्री इम्युनिटी, नंतर ती ऑफर बंद.

पिल्लं सांभाळणाऱ्या घरातला मोस्ट वॉन्टेड आयटम कोणता? किचनचा वजनकाटा! ज्यावर काल बेसन मोजलं, त्यावर आज स्टीलचं पातेलं, पातेल्यात मऊ फडकं, फडक्यात वळवळणारा गोळा. सगळे सारखेच काळे असतील तर ओळखायचं कसं? गळ्यात रंगीत लोकरीचा सैल धागा. लाल ३१० ग्रॅम, हिरवा ३२५, पिवळा कालच्याइतकाच... मग पिवळ्याला पुढच्या वेळी जास्त दुधाच्या सडाशी लावायचं. साधारण दहा दिवसांत जन्माचं वजन दुप्पट झालं पाहिजे. धागा मात्र दर दोन दिवसांनी सैल करा. मानही वाढते, राव!

रेकॉर्डची भूक लागली? घ्या. २००४ साली इंग्लंडमध्ये टिया नावाच्या निओपॉलिटन मॅस्टिफनं एका वेळी २४ पिल्लं दिली. वर्ल्ड रेकॉर्ड! लोकरीचे रंगच संपले असतील.

डाल्मेशियन जन्मतो पांढराशुभ्र. ठिपके नंतर लोड होतात.

कधीतरी एखादं पिल्लू चक्क हिरवं जन्मतं! गर्भाशयातल्या बिलिव्हर्डिन या पित्तरंगाची ही करामत. काही दिवसांत रंग जातो. हळद लावायची गरज नाही.

आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. भाद्रपदाचा विषय आपण वरच संपवलाय, त्यामुळे नो कमेंट्स.

आता या कहाणीतला असली मसाला: तिसरा ते बारावा आठवडा. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या संशोधक जोडगोळीनं वर्षानुवर्षं पिल्लं अभ्यासली. १९६१ साली त्याच प्रयोगशाळेतून एक भन्नाट प्रयोग प्रसिद्ध झाला. पिल्लं कुंपणाच्या आत माणसाशिवाय वाढवली. वेगवेगळ्या वयात एकेकाला फक्त आठवडाभर माणसांत आणलं. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती पुढे माणसाला बिचकूनच राहिली. लाड करून, बिस्किटं देऊनही गाडी रुळावर येईना. थोडक्यात, अ‍ॅडमिशनची लास्ट डेट असते आणि लेट फी भरून चालत नाही.

मग या आठवड्यांत करायचं काय? पिल्लाला जग दाखवायचं, पण छोट्या प्लेटमध्ये! एक दिवस शहाबादी फरशी, एक दिवस गवत, एक दिवस कडकड वाजणारा पत्रा. हेल्मेटवाला माणूस, दाढीवाले आजोबा, काठी टेकत येणारी आजी, छत्री, बुरखा, युनिफॉर्म, रांगणारं लेकरू. शेंद्र्यात तर शिफ्ट सुटताना दहा मिनिटं पिल्लू कडेवर घेऊन लांब उभं राहिलं की निम्मा सिलॅबस कव्हर!

आवाजाची ट्रिक नीट ऐका. पिल्लं भरडीच्या थाळीवर तुटून पडलेली असताना दुसऱ्या खोलीत कुकरची शिट्टी होऊ द्या. कान टवकारले, एकानं मान वर केली, परत तोंड थाळीत? पास! थाळी सोडून सगळी कोपऱ्यात दबली? म्हणजे आवाज जास्त झाला, उद्या आणखी लांबून. मग मिक्सर, कंपनीचा भोंगा, एसटीचा हॉर्न. तुळशीचं लग्न लागलं की वरातीचा डीजे फुकटात येतोच, फक्त तेव्हा पिल्लांना घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत ठेवा. धाडस शिकवायचंय, धसका द्यायचा नाही.

अमेरिकन सैन्याच्या ‘सुपर डॉग’ प्रोग्रामबद्दल ऐकलंय? तिसऱ्या ते सोळाव्या दिवसापर्यंत रोज पाच व्यायाम, प्रत्येकी तीन ते पाच सेकंद: बोटांमध्ये गुदगुल्या, डोकं वर, डोकं खाली, उताणं धरणं, थंड ओल्या टॉवेलवर ठेवणं. चाहते याचे गोडवे गातात, पण पुरावे संमिश्र आहेत. मला विचाराल तर रोज प्रेमानं हाताळणं हा त्याहून भरवशाचा मामला.

चावण्याचं काय? ते भावंडं शिकवतात! जोरात दात लागला की दुसरं केकाटतं आणि खेळ बंद. सुईसारखे २८ दुधाचे दात घेऊन ‘किती जोर चालेल’ हे मोजायला शिकायचं, तर त्याला भावंडंच हवीत. पाचव्या आठवड्यात उचलून आणलेल्या पिल्लाचा हा पेपर बुडतो आणि मग प्रॅक्टिकल तुमच्या पोटरीवर होतं.

‘लहान असताना आणलं की लळा जास्त लागतो’, हे पिल्लू कुणी सोडलं देव जाणे! कायदा वेगळंच सांगतो. केंद्राच्या २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला मनाई आहे. आईला वर्षात एकच बाळंतपण, आयुष्यात जास्तीत जास्त पाच.

‘लस पूर्ण होईपर्यंत घराबाहेर काढू नका’ हाही अर्धाच सल्ला. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेनं २००८ मध्येच सांगितलं की ओळखीपाळखी लसीकरण संपण्याआधीच सुरू करा. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची भीती खरी आहे, म्हणून अनोळखी रस्त्यावर खाली ठेवायचं नाही. कडेवरून वरात!

आपल्या लातूर-सोलापूरकडच्या कारवानी जातीच्या कुत्र्याला हे सगळं डबल लागू. वाऱ्यासारखा पळणारा हा गडी परक्याशी मुळातच तुटक. लहानपणी चार पाहुणे भेटले नाहीत, तर मोठेपणी पाहुण्यांना तोंडही दाखवत नाही.

आणि माहीत आहे का, काही गोष्टी पिल्लं पोटातूनच शिकून येतात? अमेरिकेत आठेक आठवड्यांच्या ३७५ पिल्लांसमोर माणसानं बोट दाखवलं. बहुतेकांना कुणी न शिकवता इशारा कळला! २०२१ च्या या अभ्यासात पिल्लापिल्लांतल्या फरकाचा चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा आनुवंशिक निघाला. नवऱ्यांवर असा अभ्यास झाल्याचं ऐकिवात नाही.

जाता जाता हाय-प्रोफाइल पाठवणी. १९६० मध्ये अंतराळात जाऊन आलेली रशियन स्ट्रेल्का मूळची रस्त्यावरचीच. तिची लेक पुशिंका सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या घरी धाडली. अमेरिकनांनी आधी काय केलं? पिल्लाच्या अंगात मायक्रोफोन तर लपवला नाही ना, ते तपासलं! पुढे पुशिंकाला केनेडींच्याच चार्ली या कुत्र्यापासून चार पिल्लं झाली. स्पुटनिकच्या चालीवर केनेडी त्यांना म्हणायचे ‘पपनिक’. आम्हाला द्या म्हणून हजारो पत्रं आली आणि दोन पिल्लं खरोखरच पत्र लिहिणाऱ्या मुलांच्या घरी गेली.